शकीला मॅडमचं भेव

शकीला मॅडम पालीला भीत, लिफ्टला भीत, गॅसच्या नळीला भीत, रस्ता ओलांडायला भीत. संस्थेच्या सचिवांना मात्र बिलकूल भीत नसत. अकोल्याच्या आमच्या कृषी महाविद्यालयात पोरांनी त्यांचं नाव ‘सावधान मॅडम’ ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. वर्गात कुणी मागच्या बाकावरून हळूच ‘सावधान’ म्हटलं की त्या खडू खाली ठेवून म्हणत, “हो, राहा सावधान. तुमच्यासाठीच सांगून राह्यली मी.”

त्या मातीतले सूक्ष्मजीव शिकवत. मी त्यांच्या हाताखाली नवा प्राध्यापक म्हणून लागलो तेव्हा राहायला अमरावतीतच होतो, आजही आहे. बडनेऱ्याहून गाडी पकडून रोज अकोल्याला जायचो. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी मॅडमबरोबर प्रयोगशाळेतून निघायचं असेल तर गाडी चुकणार हे धरून चालावं. कुलूप लावून फाटकापर्यंत यायच्या, थबकायच्या आणि बर्नरची कळ बंद केली की नाही ते पाहायला परत जायच्या. मी एकदा चिडवलं, “मॅडम, तुम्ही ताकही फुंकून पिता.”

“दुधानं तोंड पोयलं नाई ना तुमचं अजून,” त्या म्हणाल्या, “म्हणून हासून राह्यले.”

त्यांचं पोळलं होतं. त्यांचे अब्बा तेल्हाऱ्यात कापूस पिंजून गाद्या भरायचे. लहानपणी दुकानात पिंजलेल्या कापसाचा ढीग पडलेला असताना कुणा गिऱ्हाइकानं दारात विडी झटकली. “ठिणगी पडली कधी ते कोनालेच दिसलं नाई,” मॅडम सांगत. “धूर दिसला तवा अर्धं दुकान गेलं होतं. अब्बाचा हात कोपरापर्यंत भाजला. त्या दिवसापासून मी एक शिकली, राऊत सर. दिसत नाई म्हंजे नाई, असं नसते.” हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणत की पोरांना ते पाठ होतं. दुसरं वाक्य होतं, “ज्याचं भेव गेलं तो कामातून गेला.” बाकी अख्खं जग माणसाला निर्भय व्हायला शिकवतं. भ्यायला शिकवणारी ही एकच मास्तरीण मी पाहिली.

पण त्या शिकवायच्या मात्र जीव लावून. मला त्यांनी पहिल्यांदा तुरीच्या शेतात नेलं ते आठवतं. मी स्वतः एमएस्सी करून आलो होतो, तरी त्यांनी मला पहिलीतल्या पोरासारखं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवलं. खुरपीनं एक झाड मुळासकट काढलं, वर धरलं आणि हलकेच झटकलं. ढेकळं गळून पडली. मुळांना चिकटून राहिलेला काळा थर बोटानं दाखवत म्हणाल्या, “जे पडली ते वावराची माती. जे नाई पडली ते मुळाची. आपलं सारं काम हे दुसरीशी.”

मग त्या बोलत सुटल्या. झाड मुळातून गोड रस सोडतं, त्या वासानं मातीतले अगणित जीव मुळाभोवती गोळा होतात. काही हवेतला नत्र आणून देतात, काही खडकात अडकलेला स्फुरद मोकळा करतात, काही रोगाच्या बुरशीला मुळापाशी फिरकू देत नाहीत. आणि काही नुसते खाऊन बसतात. मी म्हटलं, “म्हणजे मुळाभोवती आठवडी बाजार भरतो म्हणा की.”

“बाजारच, बापा. अन् बाजारात सारेच येतात. पोलीसबी येते अन् चोरबी. कधीकधी दोघं एकाच घरचे असतात.”

तेव्हा मी हसलो होतो.

त्यांच्या प्रयोगशाळेची शिस्त विचारू नका. हातमोज्याशिवाय आत पाऊल नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली दाराबाहेर. वापरलेली प्रत्येक काचेची बशी वाफेच्या कुकरमध्ये शिजवल्याशिवाय फेकायची नाही. त्या मोठ्या कुकरची राखण गजाननभाऊंकडे होती. गजाननभाऊ तिथले परिचर, मॅडमच्याही आधीपासून नोकरीला, पोटानं सुटलेले, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले आणि तरी चहात दोन चमचे साखर जास्त मागणारे. मॅडम त्यांच्या चहाचा कप हिसकावून घेत आणि भाऊ पोरांना म्हणत, “घरी बायकू, अथी मॅडम. मले जगू देऊन राह्यलं का कोनी?” दोघांचं असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

एवढ्या शिस्तीला एकच भोक होतं. मॅडम काचेच्या बशीवर वाढवलेले जिवाणू तपासताना झाकण किंचित उचलून वास घेत. मातीची माणसं माती हुंगतात, आमच्या धंद्यातली ती खोडच आहे. चांगल्या जिवाणूंच्या बशीला ओल्या मातीचा वास येतो, बिघडलेल्या बशीला आंबूस येतो, आणि जुने लोक नाकावरून निम्मं निदान करत. मॅडमच्या उस्तादांनी त्यांना हे शिकवलं होतं. मी एकदा विचारलंही, “हे बसतं का तुमच्या नियमात?” तर त्या, साऱ्या जगाला भिणाऱ्या त्या बाई, पोरीसारख्या लाजल्या. “नाई बसत. पन नाकाबिगर मले मातीच समजत नाई, काय करू?”

पुढचं सारं त्या नाकामुळे झालं.

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शिवारात त्या हिवाळ्यात तुरीवर मर रोग आला होता. मर म्हणजे जमिनीतली बुरशी मुळातून शिरते आणि फुलावर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. आम्ही सुमनताई नावाच्या बाईच्या वावरात गेलो. ओळीच्या ओळी करपून उभ्या होत्या आणि मधोमध एकच झाड हिरवंगार, शेंगांनी लदलेलं. मॅडम त्या झाडाभोवती फिरून त्याच्या खोडाशी वाकल्या. सुमनताईंनी अनवाणी पायानं ढेकूळ दाबलं, नुसत्या हातानं झाड उपटलं आणि आमच्या पिशवीत टाकलं. “न्या बाई. याले काहून नाई मरन आलं ते पाहा, अन् आमाले सांगा.”

त्या मुळाच्या मातीतून मॅडमनी एक जिवाणू वेगळा काढला. त्याला महिने गेले, ऊन चढायला लागलं. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. बशीत एका बाजूला मरीची बुरशी वाढत आली होती आणि या जिवाणूच्या जवळ येऊन, कुणी काठीनं रेघ मारावी तशी, थांबली होती. मधे स्वच्छ पट्टा. त्याच्यापुढे बुरशीची हिंमत झाली नव्हती. आयुष्यभर मातीत काम करून असं एखाद्यालाच सापडतं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा बिनधास्त पाहिलं. त्यांनी झाकण उचललं, दीर्घ श्वास घेतला आणि बशी गजाननभाऊंच्या नाकाशी नेली.

“घ्या भाऊ, वास घ्या. नसीब हाय हे आपलं.”

भाऊंनी नाक खुपसून हुंगलं. “शेंगा धुतल्यावानी येते, मॅडम.” मी पलीकडे नळावर हात धूत होतो, म्हणून माझी पाळी आली नाही.

बातमी सचिवांच्या कानावर गेली. सचिवांचं डोकं वेगानं चालायचं. येत्या पेरणीला महाविद्यालयाच्या नावानं जिवाणू खताची पाकिटं काढायची, बियाण्याला चोळायची, तुरीची मर संपवायची, वर्तमानपत्रात फोटो. एका कारखानदाराशी बोलणंही झालं. मॅडम म्हणाल्या, आधी तपासण्या होऊ द्या. सचिव म्हणाले, करा की, पण लवकर.

त्यानंतर चारेक दिवसांनी त्यांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. चेहरा पांढराफटक पडला होता. “राऊत सर, हे पाहा. हात लावू नका.” उबवणपेटीत राहिलेल्या बशीवरचे गुळगुळीत ठिपके कोरडे पडले होते आणि म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारखे सुरकुतले होते.

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मुळाभोवती राहणाऱ्या जिवाणूंचं एक खानदान आहे. त्यातले कितीतरी पिकाचे जिवलग, बुरशीचे वैरी. त्याच घरचा एक भाऊ मात्र माणसात शिरतो. पायाच्या चिरेतून, चिखलातून, श्वासातून. ताप येतो, तो टायफॉइड वाटतो, क्षय वाटतो, आणि ओळखू येईपर्यंत उशीर झालेला असतो. कधी तो अंगात महिनोन्‌महिने गप्प बसून राहतो. आणि साखर असलेल्या माणसावर त्याचा फार जीव. मॅडम त्याचं नाव घेत नसत, नुसतं ‘तो’ म्हणत.

“तोच आहे कशावरून?” मी म्हटलं.

“तोच हाय असं मी नाई म्हनत. तो नाई असं मले कोनी म्हनून द्या.” त्यांनी पेटीचं दार लावलं. “मी भाऊच्या नाकाले लावलं, राऊत सर. माह्या हातानं.”

आमच्याकडच्या चाचणीनं जिवाणूंच्या त्या खानदानातले भाऊ-भाऊ वेगळे ओळखता येत नव्हते. नमुना बंदोबस्तात दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला आणि जीव टांगणीला लागला.

मॅडमनी गजाननभाऊंना त्याच दिवशी सारं सांगितलं. मी तिथेच होतो. त्या लहान तोंड करून उभ्या होत्या, भाऊ स्टुलावर बसलेले. सगळं ऐकून भाऊ म्हणाले, “तुमीबी तं घेतला ना वास?” “घेतला.” “मंग दोघं संगच जाऊ. तुमी तथीबी माहा चहा हिसकसान.” आणि मोठ्यानं हसले. पण संध्याकाळी त्यांनी चहा मागितला तो बिनसाखरेचा.

दोघांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस, पण हसला. “मॅडम, मातीतल्या जिवाणूचा ताप? अकोल्यात? मी तर कधी पाहिला नाही.” मॅडम म्हणाल्या, “तुमी पाह्यला असन साहेब, ओयखला नसन.” डॉक्टरांचं हसणं थांबलं. ताप आला तर रक्ताची कोणती तपासणी करायची, कोणतं औषध चालतं आणि कोणतं साफ निकामी ठरतं, हे मॅडमनी डॉक्टरांकडून भाऊंच्या केसपेपरवर लिहून घेतलं. डॉक्टर बहुधा सुटका व्हावी म्हणूनच लिहीत होते.

मग सुरू झाले ते दिवस. अकोल्याचा उन्हाळा, रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटतंय, आणि मॅडम रोज सकाळी पदराखाली थर्मामीटर घेऊन गजाननभाऊंच्या घरी हजर. भाऊंची बायको आधी चिडली, मग घाबरली, मग मॅडमची वाट पाहायला लागली. उन्हानं अंग तापलं तरी घरात रडारड व्हायची. भाऊ एकदा खोकले तर मॅडम भिंतीला टेकून खाली बसल्या. स्वतःचा ताप त्या मोजत होत्या की नाही, कुणास ठाऊक. मी विचारलं तर म्हणाल्या, “माह्या मागं रडाले कोनी नाई. आधी भाऊचं पाहू.”

मी स्वतः वास घेतला नव्हता. तरी गाडीत बसल्या बसल्या कपाळाला हात लावून पाहायचो. भेव लागट असतं, एकाचं दुसऱ्याला होतं.

तिकडे सचिवांचा तगादा. एक दिवस ते प्रयोगशाळेतच आले. “मॅडम, तुमच्या भित्रेपणापायी हंगाम जाईल. लोक मरीनं हैराण झालेत. एक जिवाणू, तोही आपल्याच मातीतला, त्याला काय भ्यायचं?”

“सर, बियान्याले कल्चर कोन चोयते? घरची बाई चोयते. गुळाच्या पान्यात, नुसत्या हातानं. हाताले इळा लागेल असते, काटा रुतेल असते. तिच्या हातात मी हे देऊ?”

“अहवाल येऊ द्या, मग बोलू,” असं सचिव म्हणाले. पण ते थांबणारे नव्हते.

अहवालाच्या आधी ताप आला. एका सकाळी मॅडमचा फोन: “भाऊले भरती केलं.” मी बडनेऱ्याहून थेट दवाखान्यात गेलो. भाऊ थंडीनं खाट हलवत होते, श्वास घरघरत होता. डॉक्टरांचा चेहरा आता हसरा नव्हता. केसपेपर त्यांच्या हातातच होता. रक्त तपासणीला गेलं होतं आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी कागदावरचं औषध सुरू केलं होतं. मॅडम खाटेच्या पायथ्याशी दुआ पुटपुटत उभ्या होत्या. खाटेच्या दुसऱ्या बाजूला वहिनींनी गजानन महाराजांचा अंगारा उशाशी ठेवलेला.

तेवढ्यात कॉलेजातून कुणीतरी कळवलं की कारखान्याचा माणूस मूळ कल्चरच्या नळ्या न्यायला येतोय, सचिवांनी धाडलाय. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दुपारच्या रणरणत्या उन्हात, रस्ता ओलांडायला भिणाऱ्या त्या बाई माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. “जोरात हाना,” म्हणाल्या.

शीतपेटीतल्या साऱ्या नळ्या, साऱ्या बश्या त्यांनी स्वतः काढल्या, मला जवळ येऊ दिलं नाही. कुकरमध्ये रचल्या. शेवटची नळी हातात घेऊन थबकल्या. आयुष्याची कमाई होती ती. तोच नसेल, भलाच भाऊ निघाला तर? तसा पुन्हा सापडेल याची काय हमी? माझ्या ओठांवर आलं, एक ठेवा मॅडम. पण तोवर त्यांनी नळी आत ठेवली, झाकण आवळलं, कळ दाबली. कारखान्याचा माणूस दारात आला तेव्हा वाफ सुटायला लागली होती.

“नळ्या न्यायला पाठवलंय मला.”

“बसा. शिजून राह्यल्या.”

त्याला काही कळलं नाही. तो बसून राहिला. मी भीतीनं गारठलो होतो आणि तरी मला हसू फुटलं.

रक्तात ‘तो’च निघाला. काही दिवसांनी दूरच्या प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगत आला. बुरशीला थोपवणारा, झाडाला जगवणारा आणि गजाननभाऊंच्या फुप्फुसात बसलेला, एकच. सचिवांची पाचावर धारण बसली. मग सावरले आणि मॅडमच्या सत्काराची भाषा करू लागले. सत्काराला मॅडम गेल्या नाहीत. कळवायचं तिथं त्यांनी सारं कळवलं, सरकारी माणसं येऊन प्रयोगशाळेत उरलेल्या मातीचे नमुने घेऊन गेली.

गजाननभाऊ वाचले. हाडाचा सापळा होऊन, कितीतरी आठवड्यांनी, पण वाचले. वेळेवर औषध मिळालं म्हणून वाचले, असं डॉक्टर स्वतः बोलले. मॅडमना ताप आलाच नाही. दवाखान्यातून निघताना भाऊ मॅडमना म्हणाले, “तुमी एवढ्या भेल्या नसत्या तं माही तेरवी झाली असती.”

त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. “भाऊ, नळ्यातला शिजवला मी,” त्या म्हणाल्या. “वावरातला कसा शिजवू?”

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. आम्ही सारे नळ्यांना भीत होतो. तो नळीत जन्मला नव्हता, सुमनताईंच्या वावरात होता, आमच्या आधीपासून, आणि किती शिवारांत असेल ते कुणालाच माहीत नव्हतं. दर पावसाळ्यात तिथं बाया घोटाभर चिखलात निंदायला, तण काढायला, बसतात. कुणाला ताप येतो, कुणी टायफॉइडनं जातं, कुणी क्षयानं, असं गावात म्हणतात.

मॅडम मला आजही आठवतात त्या सुमनताईंच्या वावरातल्या. पुढे त्या निवृत्त होऊन हैदराबादला गेल्या, आता फोन होतो. निंदणीचे दिवस होते. मॅडमनी रबरी बुटांचं अख्खं पोतं गाडीत घालून नेलं होतं. मीही बूट चढवून बरोबर होतो. काळ्या चिखलात बायांची ओळ निंदत होती, पदर खोचलेले, पाय उघडे. सुमनताईंनी एक बूट पायात घालून पाहिला, दोन पावलं टाकली आणि बूट चिखलात रुतून बसला, पाय तेवढा बाहेर आला. ओळीत हशा पिकला.

“हे घालून निंदता येते काय, बाई?” सुमनताई म्हणाल्या. “अन् मातीलेच भ्यायचं तं आमी जगाचं कसं?”

मॅडमनी बुटांचं पोतं धुऱ्यावर ठेवलं. पिशवीतून औषधाची बाटली आणि पट्ट्या काढल्या, हातमोजे चढवले आणि चिखलात उतरल्या. बूट रुतला की दोन्ही हातांनी ओढून काढत त्या पुढे गेल्या. मी उतरलो नाही. पहिल्या बाईपाशी त्या गुडघे टेकून बसल्या, चिखलानं माखलेला तिचा पाय मांडीवर घेतला, पाण्यानं धुतला. मग दुसरीचा. ओळ पुढे सरकत होती, बाया हसत होत्या, हात चालू होते आणि मॅडम मागून मागून एकेकीला तेच विचारत होत्या, “पायाले कुठं चिरलं हाय काय, बाई? दाखवा. दाखवा ना.”